घरात लहान मूल असताना गोधडी शिवायची तर

दोन-चार वर्षांचं मूल घरात असलं की हातकामाची बरीचशी स्वप्नं गुंडाळून ठेवावी लागतात. विणकाम अर्ध्यात ठेवून उठलात तर परत येईपर्यंत सुईवरची घरं सुटलेली असतात. शिलाई मशीनवर बसलात की मूल पायडलपाशी येऊन उभं राहतं. गोधडी मात्र कुठल्याही टाक्यावर सोडून उठता येते, आठवड्याने परत हातात घेतली तरी कुठे होतो ते लगेच दिसतं, आणि ओळ जराशी वाकडी गेली तर कुणी नाव ठेवत नाही. म्हणून पहिलंच हातकाम करायचं असेल तर मी गोधडीच सुचवते.

एकच अट: लहान गोधडी शिवा. हौसेने डबलबेडची सुरू केलेली गोधडी कपाटाच्या वरच्या फळीवर जाऊन बसते. खाली सांगितलेली गोधडी तयार झाल्यावर साधारण ३० इंच बाय ३८ इंच होते. मुलाला अंथरायला, गाडीत पायांवर घ्यायला, दुपारच्या झोपेला पुरते, आणि पाच थरांची असल्याने रात्री ओली झाली तरी उन्हात दुपारपर्यंत वाळते. ज्यांच्या घरी मूल अजून दुपटं ओलं करतं त्यांना हा शेवटचा मुद्दा जास्त समजावून सांगायला नको.

कापड कुठलं घ्यायचं

एक जुनी सुती सहावारी साडी. बस. साडीची लांबी साधारण साडेपाच मीटर, म्हणजे २१६ इंच, आणि पन्हा ४४-४५ इंच. यातून गोधडीचे सगळे थर निघतात आणि ठिगळांनाही कापड उरतं. आजीचं लुगडं मिळालं तर उत्तमच, त्यात अशा दोन गोधड्या सहज होतील.

साडी आईची असो, सासूबाईंची असो की आत्याची, विचारल्याशिवाय फाडू नका. कपाटाच्या तळाशी पडलेली, कुणी नेसत नाही अशी वाटणारी साडी नेमकी कुणाच्या तरी डोहाळजेवणाची निघते.

साडी सुतीच हवी. पॉलिस्टर मिसळलेलं कापड घाम शोषत नाही आणि त्यात सुई चरचरत जाते. शंका असेल तर काठाजवळचा एक धागा ओढून काढा आणि मूल झोपलेलं असताना ओट्यावर, चिमट्यात धरून पेटवा. सुती धागा कागदासारखा जळून भुरभुरीत राख होते, कृत्रिम धागा वितळून त्याची टोकाला कडक गुठळी होते. जरीच्या साड्या बाजूला ठेवा, जरीचा धागा अंगाला टोचतो.

साडी नसेल तर धोतर, लुंगी, सुती ओढण्या चालतात. आतल्या थरांना जुन्या धोतरासारखं दुसरं कापड नाही. चादरी मात्र टाळा. त्यांची वीण घट्ट असते, तिसऱ्या थरालाच सुई अडते आणि बोटं दुखायला लागतात. टी-शर्टचं कापड ताणतं, म्हणून तेही नको. मुलाची लहान झालेली झबली, टोपरी असतील तर जपून ठेवा, ठिगळांना कामी येतील.

सगळं कापड आधी कोमट पाण्यात तासभर भिजवून, धुऊन, वाळवून घ्या. जुनी खळ निघून जाते, आणि ठिगळांना नवं कापड घेणार असाल तर ते जे काही आटायचं ते आधीच आटतं. रंग जातो का ते पाहायला पांढरं ओलं फडकं कापडावर घासून बघा. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो असं सगळ्याच घरांत सांगतात, पण सुटणारा रंग त्यानेही सुटतोच. असं कापड गोधडीत घेऊच नका, ते फरशी पुसायला ठेवा.

बाकीचं सामान

मध्यम जाडीच्या, मोठ्या नेढ्याच्या सुया, एक अंगुस्तान (सुई टोचू नये म्हणून बोटात घालायची टोपी), कात्री, टेलरचा खडू आणि दोरा. दोऱ्याला भरतकामाची सुती लडी घेतली तर तिच्या सहा पदरांपैकी तीन पदर काढून वापरा. साधा सुती शिलाईचा दोरा दुहेरी घेतला तरी मस्त चालतं. पाऊणशे मीटर दोरा लागतो, तेव्हा एकाच रंगाचा पुरेसा आधीच आणून ठेवा, किंवा मुद्दाम तीन-चार रंग घ्या. मला दुसरं आवडतं. रंग कुठे बदलला ते पाहून काम कुठवर आलं ते मुलांनाही कळतं.

झाकणाचा एक डबा हवा, आणि तो उंच फळीवर ठेवायचा. सुयांचा नियम एकच: मोजून काढायच्या, मोजून ठेवायच्या. पाच काढल्या तर पाच परत गेल्या पाहिजेत, मग दारात कुणीही आलेलं असो. सुई कापडात खोचून उठायचं नाही. दूध उतू जात असलं तरी जाऊ द्या, आधी सुई डब्यात. टाचण्या तर आणूच नका. दुकानात गोधडीसाठी म्हणून टाचण्या सुचवतील, पण रांगणाऱ्या मुलाच्या घरात कच्चा टाका (थर धरून ठेवणारा, शेवटी काढून टाकायचा लांब टाका) परवडतो, टाचणी परवडत नाही. जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक मिळालं तर डब्यातच ठेवा. पडलेली सुई शोधायला त्यासारखं साधन नाही.

पायरी १: फाडणे

मुलांना सगळ्यात जास्त आवडणारी पायरी हीच. साडीचे दोन्ही काठ कात्रीने कापून वेगळे करा, कारण काठाची वीण जाड असते आणि ती गोधडीच्या कडेला आली तर दुमडत नाही. काठ टाकू नका. आता उरलेल्या कापडाचा पन्हा साधारण ४० इंच राहील. लांबीच्या बाजूने दर ३२ इंचांवर खडूने खूण करा, खुणेपाशी कात्रीने दीड-दोन इंचांचा काप द्या, काप दिलेल्या जागेची एक बाजू तुम्ही धरा, दुसरी मुलाच्या हातात द्या, आणि दोघांनी ओढा. सुती कापड आडव्या धाग्यावर सरळ रेषेत फाटत जातं. कात्रीने कापताना जी ओळ तिरकी जाते, ती फाडताना जात नाही. तो टर्रर्र आवाज आला की पुढचे पाचही तुकडे मीच फाडणार म्हणून भांडण होणार हे गृहीत धरा. दोन मुलं असतील तर पाळ्या आधीच ठरवा.

साडी फार विरलेली असेल तर फाटताना ओळ भलतीकडे पळते. तिथे मात्र कात्रीच वापरायची.

असे ३२ बाय ४० इंचांचे सहा तुकडे निघतील. दोन वर-खाली, तीन आत, एक आणि पदराचा उरलेला भाग ठिगळांना. आतल्या तीन तुकड्यांच्या चारही बाजू एकेक इंच कापून ते ३० बाय ३८ करा. कडा दुमडताना जाड होऊ नयेत म्हणून ही खटपट.

पायरी २: थर लावणे

फरशी पुसून कोरडी करा. पलंगावर थर लावू नका, गादी दबते आणि आत सुरकुत्या राहतात. खालचं कापड उलटी बाजू वर करून अंथरा, चार कोपऱ्यांवर वजन ठेवा, पाट, बत्ता, काहीही. त्यावर मधोमध आतले तीन थर एकेक करून. प्रत्येक थर पसरल्यावर तळहाताने मधून बाहेरच्या दिशेला दाबत न्यायचा. विरलेली जागा एकाखाली एक येऊ देऊ नका: एका थराचा विरलेला भाग उजवीकडे असेल तर पुढचा थर फिरवून तो डावीकडे न्या. शेवटी वरचं कापड, सुलटी बाजू वर.

मुलाला यातलं काम द्यायचं तर दोन वर्षांचं मूल कोपऱ्यावर ‘वजन’ म्हणून बसू शकतं. दोन मिनिटं बसतं, पण तेवढ्यात एक थर होतो. तीन-चार वर्षांच्याला तळहाताने सुरकुती शोधायला सांगा. लहान हातांना आतली घडी खरोखर लवकर लागते.

पायरी ३: कच्चे टाके

नवखे लोक ही पायरी गाळतात आणि मग गोधडीच्या पोटात फुगवटा येतो. वेगळ्या, उठून दिसणाऱ्या रंगाचा दोरा घ्या. मधल्या बिंदूपासून चारही बाजूंकडे, मग चारही कोपऱ्यांकडे, तीन-तीन इंचांचे लांब टाके घालत जा. नंतर उभ्या-आडव्या ओळी, एक वीत अंतरावर. हे एका बैठकीत करावं लागतं, कारण टाके पूर्ण होईपर्यंत गोधडी उचलता येत नाही. तासभर लागतो. संपूर्ण कामात सलग वेळ मागणारी हीच एक जागा. म्हणून थर मुलाबरोबर लावले तरी कच्चे टाके मूल झोपल्यावर किंवा आजोबा त्याला बागेत घेऊन गेल्यावर घाला.

एकदा हे झालं की पाचही थर एकजीव. आता गोधडी घडी घालून पिशवीत ठेवता येते, मांडीवर घेता येते. मुलं तिचा तंबू करतील, घोडा करतील, करू द्या. कच्चे टाके एखाद-दुसरे तुटले तर परत घाला.

पायरी ४: ठिगळं आणि मुलाचा पंजा

ठिगळं लावलीच पाहिजेत असं नाही, पण विरलेली जागा झाकायला आणि मुलाला गोधडी आपली वाटायला ती हवीत. झबल्याचा खिसा, आजोबांच्या सदऱ्याची चौकट, जे असेल ते. चौकोनी किंवा त्रिकोणीच कापा, गोल ठिगळाची कड पहिल्यांदा नीट दुमडत नाही. चारही बाजू अर्धा इंच आत दुमडून इस्त्री फिरवा आणि बारीक टाक्यांनी वरच्या थरावर शिवा. कुठलं ठिगळ कुठे लावायचं ते मुलाला ठरवू द्या. ते सगळी एकाच कोपऱ्यात लावेल. मोह आवरा, हलवू नका. उत्तर कर्नाटकात सिद्दी समाजाच्या बायका कवंद, म्हणजे ठिगळांची गोधडी, शिवतात, त्यातली ठिगळं कुठे मोजून-मापून लावलेली असतात? आणि त्या कवंदी पाहातच राहाव्यात अशा असतात.

पंजाची कल्पना सोपी आहे आणि तिला ठिगळही लागत नाही. गोधडीच्या मधोमध मुलाचा पंजा पालथा ठेवा, बोटं जरा फाकवा, खडूने कडेने रेघ मारा. गुदगुल्या होतात म्हणून पहिली रेघ हमखास बिघडते, फडक्याने पुसून परत मारा. मग त्या रेघेवरून गडद दोऱ्याने धावदोरा, म्हणजे वर-खाली जाणारा साधा टाका, घाला. पंजा कापडातून कापून लावायचा विचार करत असाल तर सोडून द्या, बोटांच्या बेचक्यांत कापड दुमडत नाही आणि धागे सुटत राहतात.

टिकल्या, आरसे, घुंगरू, बटणं काहीही लावायचं नाही. लहान मूल ते दातांनी ओढून काढतं.

पायरी ५: धावदोरा

आता खरी शिलाई. दोरा एक मीटर कापा, सुईत ओवून दुहेरी करा, दोन्ही टोकांना मिळून गाठ मारा. याहून लांब घेतला तर प्रत्येक टाक्याला गुंता होतो. गाठ वर दिसू नये म्हणून सुई वरच्या थरातून, टाका जिथे सुरू करायचा त्याच्या इंचभर अलीकडे आत घाला, खाली आरपार नेऊ नका, टाका सुरू करायच्या जागी वर काढा आणि हलका झटका द्या. गाठ टक् करून थरांच्या मध्ये जाते. हे एकदा जमलं की मजा येते.

कड आधी बंद करायची. वरच्या आणि खालच्या कापडाचा जास्तीचा एकेक इंच आत, एकमेकांकडे तोंड करून दुमडा आणि कडेपासून पाव इंचावर शिवत जा. कोपऱ्यात कापड जाड होतं, तिथे आतलं टोक थोडं तिरकं छाटून टाका. मघाशी काढलेले काठ मऊ असतील तर त्यांचा गोट, म्हणजे कडेवर दुमडून शिवायची पट्टी, लावता येईल. चारी बाजूंची लांबी १३६ इंच भरते, एका काठात सहज भागतं. पण पहिल्या गोधडीला गोट नको, कोपरे वळवताना जीव मेटाकुटीला येतो.

मग आपल्याकडची जुनी रीत: कडेपासून सुरू करून इंचभर आत दुसरी फेरी, तिच्या आत तिसरी, असं चौकोनात चौकोन करत मध्यापर्यंत. पंज्यापाशी आलात की त्याच्या बाहेरच थांबा किंवा त्याला वळसा घाला. टाका पाव इंचाचा, सुईवर तीन-चार टाके एकदम घेऊन मग दोरा ओढायचा. घट्ट आवळू नका, गोधडी चुण्या पडून आक्रसते. टाके आवळले गेले का ते पाहायला प्रत्येक फेरीनंतर ती फरशीवर टाकून बघा.

पाव इंचाचा हट्ट दिसण्यासाठी नाही. लांब टाक्यांत तान्ह्या बाळाच्या पायाची बोटं अडकतात, आणि सुटा दोरा बोटाला करकचून गुंडाळला गेला तर रक्तपुरवठा थांबू शकतो. म्हणून लोंबणारं प्रत्येक टोक आत घालून कापायचं आणि तुटलेला टाका त्याच दिवशी दुरुस्त करायचा.

इंचाच्या अंतराने ओळी घेतल्या तर एकूण शिलाई २९ मीटरच्या आसपास भरते. मीटरभर दोऱ्यात दुहेरीने साधारण १५ इंच शिवून होतं, म्हणजे सुई पाऊणशे वेळा ओवायची. घाबरू नका. रोज तीन-चार सुयांचं काम केलं तर तीन-साडेतीन आठवडे. सकाळीच चार सुया ओवून डब्यात ठेवल्या की दुपारी उजेड असेपर्यंत, मूल शेजारी ठोकळे रचत असताना, तेवढं होतं. रात्री दिव्याखाली गडद कापडावर गडद दोरा दिसत नाही. रात्री शिवायचं असेल तर फिका दोरा वापरा.

‘आई, मला पण सुई दे’

हे वाक्य दुसऱ्या दिवशी येणारच. तेव्हा नाही म्हणू नका, त्याचं वेगळं काम तयार ठेवा. तीनच्या आसपासच्या मुलाला पुठ्ठ्यावर पंचाने भोकं पाडून द्या आणि बुटाची लेस. वर-खाली, वर-खाली हेच तर धावदोऱ्याचं सूत्र. चार-पाचच्या मुलाला तरटाचा तुकडा आणि बोथट टोकाची प्लास्टिकची मोठी सुई, लोकरीचा दोरा. तरटाची वीण विरळ असते, सुई आपोआप भोकात जाते. दोऱ्याचं टोक नेढ्याला गाठ मारून बांधून टाका, नाहीतर दर मिनिटाला सुई ओवून द्यावी लागते. सहा-सात वर्षांचं मूल तुमच्या शेजारी बसून, तुमच्या नजरेसमोर, खऱ्या सुईने गोधडीवर एक ओळ घालू शकतं. त्याला खडूने वीतभराचीच रेघ आखून द्या, आणि नंतर ती ओळ उसवून नीट करू नका. टाके लांबच पडले असतील तर त्यांच्या मधून तुमचे बारीक टाके घाला, दोन्ही राहतात.

मुलीला सुई आणि मुलाला बॅट असली वाटणी या कामात आणू नका. बोटांची पकड, पेन्सिल धरण्याआधीची, दोघांनाही लागते.

धुणं आणि वापर

शिवून झाल्यावर आधी कच्चे टाके ओढून काढा. उठून दिसणाऱ्या रंगाचे असल्याने सापडतात. मग सुयांचा शेवटचा हिशोब लावा, आणि तरीही दोन्ही तळव्यांनी पूर्ण गोधडी दाबत चाचपून घ्या. त्यानंतरच ती मुलाच्या अंगाखाली जाईल. पहिल्यांदा वेगळी धुवा. हाताने धुवत असाल तर पिळू नका, पाच थरांचं ओलं कापड जड होतं आणि टाके ताणले जातात. दोरीवर अर्धी घालून निथळू द्या, दोन तासांनी उलटा. पावसाळ्यात शक्यतो धुऊच नका. आतला थर ओलसर राहिला की जो वास बसतो तो दिवाळीपर्यंत जात नाही.

वर्षाच्या आतल्या बाळाला ती खाली अंथरायला, मांडीवर घ्यायला, पालथं ठेवून खेळवायला वापरा. पण ते पाळण्यात एकटं झोपलं असताना सैल गोधडी अंगावर टाकून ठेवू नका, ती वर सरकून तोंडावर येऊ शकते. कुणी बारशाला म्हणून शिवून देत असाल तर हे देताना सांगा.

दोन-तीन वर्षांनी वरचं कापड विरेल. तेव्हा काही उसवायचं नाही. जुन्या गोधडीवर दोन्ही बाजूंनी नवं कापड घालायचं, ते चारी बाजूंनी चार-चार इंच जास्त घ्यायचं, त्या जादा पट्टीत जुन्याच साडीचे तीन थर भरायचे आणि परत कडेपासून शिवत यायचं. मुलाची उंची तोवर वाढलेली असते, गोधडीही ३८ बाय ४६ इंच होते.